गणिताच्या प्राध्यापकाने अध्यापनविषयक टिपणात संगीताबद्दल लिहावे का?

प्रश्न : पंचमपूर्णांक

नमस्कार.

मी गेली अकरा वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवत आहे. आमच्या विभागाने प्रत्येक शिक्षकाकडून पानभर टिपण मागवले आहे. कोणते विषय शिकवायला आवडतात, ते कसे शिकवता आणि अभ्यासाबाहेर कशात रमता, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. पहिला परिच्छेद लिहिणे अवघड गेले नाही, कारण संख्यासिद्धान्त, क्रमचय-संचय आणि फूरिए श्रेणी (कोणतेही कंपन साध्या लहरींच्या बेरजेत मांडण्याची रीत) हे माझे जिव्हाळ्याचे विषय आहेत. दुसऱ्या परिच्छेदात मी लिहिले की लहानपणापासून ख्यालगायन शिकत आलो आणि आजही दिवस संपतो तो तंबोऱ्याजवळ. दोन्ही परिच्छेद खरे आहेत, पण एका घरात राहून अबोला धरलेल्या भावंडांसारखे ते एकमेकांशेजारी उभे आहेत.

त्यांना जोडणारे वाक्य लिहायला घेतले की माझा हात अडखळतो, आणि त्याला एक जुने कारण आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते की श्रेष्ठ संगीतरचनांमध्ये सुवर्णगुणोत्तर आढळते. एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, ‘सर, ते मोजतात कुठून कुठपर्यंत?’ मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन शोधले तेव्हा लक्षात आले की रचनेचा आरंभ, शेवट आणि ‘कळसाचा क्षण’ आपल्या सोयीने ठरवला, तर त्या गुणोत्तराच्या, म्हणजे ०.६१८ च्या, आसपासचे काहीतरी बहुतेक कोठेही सापडते. त्या दिवसापासून मी वर्गात गाण्याचे नाव काढलेले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. संगीताचा उपयोग केवळ सजावट म्हणून न करता त्यातून खरोखर गणित शिकवता येईल, असे कोणते विषय तुम्ही हाताळले आहेत? आणि अशा टिपणात संगीताचा उल्लेख करणे उचित आहे की तो वैयक्तिक छंद म्हणून बाहेरच ठेवावा?

उत्तर : शेषएक

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम होता, आणि त्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाची कसोटी दडलेली आहे. संगीतातून आलेला प्रश्न गणिताशिवाय सुटत नसेल, तर तो वर्गात आणावा. उत्तर आधीच ठरलेले असून संगीत केवळ त्याला दुजोरा देण्यासाठी बोलावलेले असेल, तर तो आणू नये. मी स्वतः थोडाफार तबला शिकलो आहे, त्यामुळे माझे उदाहरण तालातले आहे. अंशशेषांचे, म्हणजे भागाकारात उरणाऱ्या बाकीचे, गणित शिकवताना मी पहिला संपूर्ण तास तिहाईवर घालवतो.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीन वेळा वाजवून त्याचा शेवटचा आघात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणणे. तुकडा ‘प’ मात्रांचा असेल आणि दोन तुकड्यांमध्ये ‘व’ मात्रांची विश्रांती असेल, तर समेपासून सुरू होऊन समेवर संपणाऱ्या तिहाईची अट ३प + २व = त × क + १ अशी होते, जिथे ‘त’ म्हणजे तालाच्या मात्रा आणि ‘क’ म्हणजे लागणारी आवर्तने (तालाच्या पूर्ण फेऱ्या). (ही दोन अक्षरे फळ्यावर नेहमी गोंधळ करतात, म्हणून पुढे मी सरळ आकडेच लिहितो.) सोळा मात्रांच्या त्रितालात एकाच आवर्तनात हे जमवायचे तर ३प + २व = १७. प विषम असावा लागतो हे विद्यार्थ्यांना लगेच दिसते, आणि त्यातून (१, ७), (३, ४) आणि (५, १) अशा तीनच जोड्या मिळतात. इथपर्यंत शाळेतल्या गणिताने भागते.

खरी गंमत विश्रांती नसलेल्या, म्हणजे बेदम तिहाईत आहे. आता तुकड्याच्या मात्रांची तिप्पट तालाच्या पटीपेक्षा नेमकी एकाने जास्त हवी. त्रितालात ११ चालतात, कारण ३३ म्हणजे दोन आवर्तने आणि सम. दहा मात्रांच्या झपतालात ७ चालतात, कारण २१ म्हणजे दोन आवर्तने आणि सम. सात मात्रांच्या रूपकात ५ चालतात, कारण १५ म्हणजे सातच्या दोन फेऱ्या आणि सम. मग मी बारा मात्रांच्या एकतालासाठी असा तुकडा शोधायला सांगतो आणि वर्गाला दहा मिनिटे मोकळे सोडतो. विद्यार्थी एक आवर्तन, दोन आवर्तने, पाच आवर्तने करून पाहतात. कोणीतरी दुगुनीत (दुप्पट वेगाने), मग चौगुनीत करून पाहतो. काहीच जुळत नाही, आणि शेवटी एखादा म्हणतो की हे कधीच जुळणार नाही. ‘कधीच’ हा शब्द वर्गात कोणी उच्चारला की माझे अर्धे काम झालेले असते, कारण आता सिद्धतेची गरज त्यालाच वाटू लागते. बाराला तीनने भाग जातो, त्यामुळे बाराच्या कोणत्याही पटीत एक मिळवला की तीनने भागल्यावर बाकी एक उरते, आणि मात्रेचे कितीही समान तुकडे केले तरी ती बाकी हटत नाही. १६, १० आणि ७ यांचा ३ शी मसावि एक आहे, १२ चा नाही, एवढाच काय तो फरक. त्यानंतर मी फळ्यावर लिहितो की १६ च्या मापांकात ३ चा गुणाकार व्यस्त ११ आहे, म्हणजे ३ ला ११ ने गुणून १६ ने भागले की बाकी एक उरते. एरवी पाठ्यपुस्तकातून आकाशातून पडल्यासारखी येणारी ही व्याख्या त्या दिवशी त्यांनी स्वतःच शोधलेली असते.

एकतालात बेदम तिहाई होतच नाही असा याचा अर्थ नाही, हे मात्र आवर्जून सांगावे. ती समेपासून सुरू करता येत नाही. दुसऱ्या, पाचव्या, आठव्या किंवा अकराव्या मात्रेपासून उचलली तर पूर्ण मात्रांचा तुकडा बसतो. दुसऱ्या मात्रेपासून चार मात्रांचा तुकडा तीनदा वाजवून पाहावा. गृहपाठ म्हणून मी बेदम चक्रदार देतो, म्हणजे सगळी तिहाईच तीनदा, ज्यात तुकडा एकूण नऊ वेळा येतो. नऊ मात्रांचा तुकडा नऊ वेळा म्हणजे ८१ मात्रा, आणि हा एकच आकडा त्रितालाच्या पाच आवर्तनांनंतरच्या समेवरही येतो आणि झपतालाच्या आठ आवर्तनांनंतरच्या समेवरही. असे का, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

उत्तर : डग्गा

मी गणिताचा माणूस नाही. तबलावादन हाच माझा व्यवसाय आहे. वरचे उत्तर वाचताना मी चक्क टेबलावर बोटे वाजवून पडताळा घेतला आणि हिशेब बरोबर निघाला. तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मैफलीत तिहाई घेणारा वादक समीकरण सोडवत नसतो. बोल शेकडो वेळा तोंडाने म्हणून, हातावर ताल देऊन त्याची लांबी अंगात मुरलेली असते. शिवाय हिशेबाने अचूक असलेली तिहाई रटाळ असू शकते, आणि रसिकाला समेचा अंदाज येऊनही ती सम नवी वाटावी, हे कोणत्याही मसाविवरून ठरत नाही. तेव्हा ‘संगीत म्हणजे ध्वनीरूप गणित’ असली वाक्ये टिपणात कृपया लिहू नका. आम्हाला ती ऐकून ऐकून कंटाळा आला आहे.

आता उपयोगाची सूचना. समीकरण लिहिण्याआधी विद्यार्थ्यांकडून पढंत करून घ्या. सगळ्यांनी हातावर सोळा मात्रा धरायच्या आणि बोल मोठ्याने म्हणायचे. तिहाई समेच्या एक मात्रा आधी किंवा नंतर पडली की जो अवघडलेपणा जाणवतो, तो ‘+ १’ चा खरा अर्थ आहे. तो जाणवला नाही तर बहुतेक जण हा एक विसरतात आणि शेवटचा आघात समेआधीच आणून ठेवतात.

तुम्ही फूरिए श्रेणी शिकवता असे लिहिले आहे, म्हणून आमच्या वाद्याबद्दलही थोडे सांगतो. वर्तुळाकार चौकटीवर सगळीकडे सारख्या जाडीचे कातडे ताणले, तर त्याच्या कंपनांच्या वारंवारता १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात येतात, आणि म्हणूनच साध्या ढोलाला नेमका सूर नसतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह दाखवून दिले की तबला आणि मृदंगावरील शाईच्या (मधल्या काळ्या लेपाच्या) थरामुळे ही प्रमाणे १ : २ : ३ : ४ : ५ च्या जवळ येऊन बसतात. ज्यांनी प्रथम शाई लावली त्यांच्याजवळ अशा कंपनांचा हिशेब मांडणारी बेसेल फलने नव्हती, कान होते. मला हा प्रसंग तुमच्या दोन्ही परिच्छेदांना जोडणारा वाटतो, कारण इथे कानाने आधी उत्तर शोधले आणि ते बरोबर का, हे गणिताने नंतर सांगितले.

उत्तर : मागचाबाक

एका माजी विद्यार्थ्याची बाजू मांडतो. आम्हाला शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना संगीताची मनस्वी ओढ होती आणि ते प्रत्येक व्याख्यानात एखादा राग किंवा एखादी रचना आणत. वर्गातल्या चार-पाच जणांचे चेहरे उजळत. मी त्यांतला नव्हतो. मला दोन सुरांतला फरक पटकन कळत नाही, त्यामुळे उदाहरण सुरू झाले की गणित समजण्याआधीच आपण नापास झालो, असे वाटायचे. ज्या उदाहरणाने विषय सोपा व्हायला हवा, त्यात आधी उत्तीर्ण व्हावे लागत असेल तर ते उदाहरण विद्यार्थ्यासाठी नसून शिक्षकाच्या आनंदासाठी असते. हे कटू वाटेल, पण टिपण लिहिताना लक्षात असावे.

तरीही त्यांचा एक तास मी आजतागायत विसरलेलो नाही. त्यांनी पेटी आणली होती आणि विचारले की सप्तकात पट्ट्या बाराच का? षड्जावरून (सा) पंचम (प), त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम, असे पुढे पुढे जात राहिले तर आपण पुन्हा षड्जावर केव्हा पोहोचू? पंचमाचे गुणोत्तर ३/२ आणि सप्तकाचे २. म्हणजे ३ चा कोणता तरी घात २ च्या कोणत्या तरी घाताइतका हवा. एक विषम, दुसरा सम. परत येणे अशक्य. इतकी छोटी सिद्धता मी तोवर पाहिली नव्हती, आणि तिच्यासाठी कान लागत नव्हते.

मग ते म्हणाले, अशक्य असले तरी जवळ किती जाता येईल? बारा पंचम चढले की सात सप्तके जवळजवळ पूर्ण होतात. ३ चा बारावा घात ५३१४४१ आणि २ चा एकोणिसावा घात ५२४२८८. फरक साधारण १.४ टक्क्यांचा, आणि पेटी समान अंतरांवर जुळवताना तोच बारा घरांत वाटून टाकतात. आम्ही २ च्या पायाचा १.५ चा लॉगॅरिदम काढला, तो ०.५८४९६ आला, आणि त्याला उत्तरोत्तर जवळ जाणारे अपूर्णांक शोधले. ३/५, ७/१२, २४/४१, ३१/५३ असे ते येत गेले. छेद पाहा. पाच स्वर, बारा स्वर, मग एकदम एकेचाळीस आणि त्रेपन्न. त्रेपन्न पंचम म्हणजे जवळजवळ एकतीस सप्तके, हे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात चीनमधील संगीतशास्त्रज्ञ जिंग फांग यांनी हिशेबाने ताडले होते, असेही त्यांनी सांगितले. अपरिमेय संख्या म्हणजे नेमके काय आणि तिच्या ‘जवळ’ जाण्याला अर्थ कशाने येतो, हे मला त्या तासाला कळले. त्या पेटीतला एकही सूर मला ओळखता आला नाही आणि त्याने काही बिघडले नाही.

उत्तर : छंदोवती

सुवर्णगुणोत्तराचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले, कारण ज्या संख्यामालिकेतून ते गुणोत्तर उद्भवते तिचे लयीशी असलेले नाते मोजायला सोपे आणि निर्विवाद आहे. ते वाद्यसंगीतात नाही, कवितेच्या छंदात आहे. लघू अक्षर एका मात्रेचे आणि गुरू अक्षर दोन मात्रांचे. मग ‘न’ मात्रांची ओळ किती प्रकारांनी रचता येईल? ओळीचा शेवट लघूने झाला तर आधी न−१ मात्रा उरतात, गुरूने झाला तर न−२. म्हणून प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज होते: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. आठ मात्रांसाठी ३४ प्रकार, सोळा मात्रांसाठी १५९७. हा नियम विरहांक या छंदशास्त्रकाराने आणि ११५० च्या सुमारास हेमचंद्राने सांगितला, तर ज्याच्या नावाने ही मालिका आज ओळखली जाते त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा आहे. तुमच्या विद्यार्थिनीने ‘मोजतात कुठून कुठपर्यंत’ असे विचारले, तर इथे ओळीच्या पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत असे सरळ उत्तर देता येते.

क्रमचय-संचय शिकवणाऱ्याने देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकरा’कडेही अवश्य वळावे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन होणाऱ्या ५०४० तानांची गणती त्यात आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘नष्ट’ आणि ‘उद्दिष्ट’ यांची रीत आहे. यादीतील अमुक क्रमांकाची तान कोणती, आणि दिलेल्या तानेचा क्रमांक कोणता, हे संपूर्ण यादी न लिहिता खंडमेरू नावाच्या कोष्टकावरून काढायचे. क्रमगुणितांच्या पटीत संख्या मांडण्याची ही पद्धत संगणकशास्त्राचे विद्यार्थी आज वेगळ्या नावाने शिकतात. मी दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवते तेव्हा वर्गात काही क्षण शांतता पसरते.

थाटांचा, म्हणजे राग ज्यांत बसवतात त्या सात स्वरांच्या साच्यांचा, हिशेब त्यामानाने सोपा आहे: रे, ग, म, ध, नी यांचे प्रत्येकी दोन प्रकार, म्हणून ३२ थाट, आणि त्यांतले संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी दहाच स्वीकारले. गणिताने शक्यता मोजल्या, निवड संगीताने केली. डग्गा यांचा मुद्दा विद्यार्थ्यांना पटवायचा असेल तर हे उदाहरण पुरेसे आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत असे की उल्लेख जरूर करावा, पण नामावळीच्या आधाराने नव्हे. २०१४ चे गणितातील फील्ड्स पदक मिळालेले मंजुल भार्गव तबला वाजवतात आणि गणितज्ञ नोम एल्कीज स्वतः संगीतरचना करतात, हे खरे असले तरी त्यावरून तुमच्या अध्यापनाबद्दल वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

पंचमपूर्णांक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डग्गा यांच्या सांगण्यावरून एक अलंकारिक वाक्य मी तत्काळ खोडले. ते कोणते होते हे न सांगितलेलेच बरे. मागचाबाक यांचे उत्तर दोनदा वाचले, आणि अकरा वर्षांत माझ्या वर्गातही असे कोणी मागे बसले असेल, या विचाराने अस्वस्थ झालो.

मला एक गोष्ट तुमच्या उत्तरांमुळे सुचली. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कारण तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाचपट सूर, असतो. तो आपल्या सप्तकात उतरवला तर त्याचे षड्जाशी गुणोत्तर ५/४, म्हणजे १.२५ येते. पेटीतला गंधार २ चे घनमूळ, म्हणजे सुमारे १.२६. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर एक गंधार ३०० वर आणि दुसरा ३०२.४ च्या आसपास, आणि दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला दोनांहून थोडे अधिक विस्पंद (आवाजाचे लहानमोठे होणे) पडतात. रियाजाला बसलो की हे गेली कित्येक वर्षे मला खटकत आले आहे, पण ते फळ्यावर मांडावे असे कधी वाटले नव्हते. ज्यांना हा फरक कानाने कळत नाही त्यांना विस्पंद घड्याळ लावून मोजता येतील, आणि पडद्यावर आलेखही दाखवता येईल. कोणाचाही कान तपासला जाणार नाही.

टिपणाचे दोन परिच्छेद आता एक झाले आहेत. त्यात मी असे लिहिले आहे: ‘मला संख्यासिद्धान्त, क्रमचय-संचय आणि फूरिए श्रेणी शिकवायला आवडते. मी ख्याल गातो, आणि स्वर जुळवताना व ताल धरताना पडलेले काही प्रश्न वर्गात आणतो. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी संगीत येण्याची आवश्यकता नाही.’

शेषएक, येत्या मंगळवारी अंशशेषांचा पहिला तास आहे आणि एकतालाचा प्रश्न मी तुमच्याकडून उसना घेत आहे. मला स्वतःला ताल हातावर धरता येतो, पण बोल म्हणताना माझी लय हमखास वाढते, हे वर्गाला आधीच सांगून टाकावे की त्यांना शोधू द्यावे?

शेषएक

शोधू द्यावे. सोळा मात्रांचा तुमचा वेग दर आवर्तनाला कितीने वाढतो, हे ते घड्याळ लावून मोजतील आणि तुम्हाला भूमितीश्रेणीचा तासही फुकटात मिळेल.